पुन्हा तीच गोष्ट!

गोष्टीतली भाषा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात बडबडगीतांबद्दल लिहिलं, तेव्हापासून पालक एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने विचारत आहेत. घरात पुस्तकांचा ढीग आहे, तरी पोर रोज रात्री तेच एक पुस्तक आणून मांडीवर ठेवतं. शब्दसंपत्ती वाढायची तर नवनवी पुस्तकं नकोत का? माझं उत्तर असं, की तीन ते सहा वर्षांचं मूल तीच गोष्ट पुन्हा मागत असेल, तर ती पुन्हा वाचावी, आणि मनापासून वाचावी. नवा शब्द त्याच्या तोंडी रुळतो तो या पुन्हा पुन्हा वाचण्यातच.

शब्दांसाठी गोष्टीकडेच का जायचं, हे आधी पाहू. घरात आपण मुलांशी बोलतो ते बहुतेक कामापुरतं. चप्पल घाल, दूध संपव, दप्तर कुठे टाकलंस? या बोलण्यात माया असते, पण शब्द तेच ते असतात. अमेरिकेतल्या डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स या संशोधकांनी १९८८ साली याचा हिशेबच मांडला. सुशिक्षित मोठी माणसं आपसात गप्पा मारतात तेव्हा हजार शब्दांमागे साधारण १७ शब्द कमी वापरातले असतात. मुलांच्या पुस्तकांत ते प्रमाण ३० च्या पुढे जातं. मोजमाप इंग्रजीचं आहे, पण कारण आपल्यालाही लागू पडतं. जेवायला बसल्यावर किर्र रान, डेरेदार वड किंवा हिरमुसलेला राजपुत्र यांचा विषय कोण काढतं? ते भेटतात गोष्टीतच.

आता तीच गोष्ट की नवी गोष्ट, हा प्रश्न. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांबरोबर एक प्रयोग केला. काही मुलांना आठवडाभरात त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, तर काहींना दरवेळी वेगळ्या. गोष्टींत पेरलेले नवे शब्द दोन्हीकडे सारखेच होते आणि तितक्याच वेळा कानावर पडत होते. तरीही त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांना ते शब्द जास्त चांगले लक्षात राहिले.

असं का होतं, हे एका पानावरच पाहू. बाजारात हरवलेल्या करडाची गोष्ट आहे असं समजा. चित्रात पोत्यांची थप्पी, तिच्यामागून डोकावणारे दोन कान, आणि खाली वाक्य : ‘करडू भेदरलं आणि पोत्यांच्या आड दडलं.’ पहिल्या रात्री मुलीचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो, त्याची आई त्याला सापडते की नाही? ‘भेदरलं’ कानावरून निघून जातं. दुसऱ्या रात्री शेवट ठाऊक असतो. त्यामुळे ती निवांत चित्र न्याहाळते. करडाचे पाय पोटाशी घेतलेले दिसतात, डोळे विस्फारलेले दिसतात. तिसऱ्या-चौथ्या वाचनात हे पाय, हे डोळे आणि तो शब्द एकमेकांना चिकटतात. मग एखाद्या दिवशी आपण कंटाळून ‘करडू घाबरलं’ असं वाचलं, तर ती लगेच हटकते, ‘भेदरलं म्हण!’ आणि पुढे कधीतरी कुकरची शिट्टी एकदम वाजते तेव्हा ती आईला बिलगून म्हणते, ‘मी भेदरले.’ शब्द तिचा झाला. कुणी तिला अर्थ पाठ करायला लावला नव्हता.

म्हणूनच मोठ्यांनी एक मोह टाळावा. वाचताना ‘भेदरलं’च्या जागी ‘घाबरलं’, ‘दडलं’च्या जागी ‘लपलं’ असं करत गेलो, तर मुलाला समजतं खरं, पण नवं काहीच हाती लागत नाही. अर्थ सांगावासा वाटला तर जाता जाता सांगावा, ‘भेदरलं, खूप घाबरलं गं बिचारं’, आणि पुढे वाचावं. प्रत्येक शब्दापाशी थांबून ‘याचा अर्थ काय?’ विचारलं की गोष्टीचा धडा होतो आणि मूल उठून जातं. विचारायचंच तर ‘ते का दडलं असेल?’ असं विचारावं. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना असेच मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायला शिकवलं होतं. महिनाभरात ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली.

आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. चिमणी-कावळ्याची गोष्ट आठवा. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो, आणि मेणाच्या घरातली चिमणी दरवेळी नवं काम सांगते, बाळाला न्हाऊ घालायचंय, तीट लावायचीय, निजवायचंय. प्रसंग तोच, बदलतो फक्त एखादा शब्द. मुलाचं सगळं लक्ष नेमकं त्या बदललेल्या शब्दावर जातं. इतकी नेटकी बांधणी पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आली, याचं मला फार अप्रूप वाटतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला ‘तीट’ आणि ‘शेण’ आजही ही गोष्टच देते.

शिक्षक आणि अंगणवाडीताईंसाठी एक आग्रहाचं सांगणं. पुस्तकातला शब्द मुलाच्या घरच्या शब्दाशेजारी बसावा, त्याला हुसकावून नव्हे. मालवणातलं मूल मुलाला ‘झील’ आणि मुलीला ‘चेडू’ म्हणतं, विदर्भातलं ‘पोट्टं’ म्हणतं. ते शब्द वर्गात हसण्यावारी नेले की मूल गप्प होतं, आणि गप्प बसलेल्या मुलाची शब्दसंपत्ती वाढत नाही. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ हा प्रश्न गोष्टीच्या वेळी जरूर विचारा.

पुस्तकांची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘यश’ आणि ‘राधाचं घर’ ही पुस्तकं लहानग्यांच्या रोजच्या जगातली आहेत, आणि त्यांतली मराठी जिवंत आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात. मूल जरा मोठं झालं की बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहेच. १९७१ पासून ते निघतं आहे.

या आठवड्यात एकच पुस्तक निवडा, मुलाने निवडलेलं असेल तर उत्तमच, आणि रोज तेच वाचा. एकही शब्द सोपा करू नका. मूल त्यातला कोणता शब्द गोष्टीबाहेर, आपल्या बोलण्यात वापरतं ते टिपून ठेवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या लेखात आपण चित्रं नसलेल्या गोष्टींकडे वळू.

(क्रमशः)