मणी उरतात, रचना जाते

आजचा विषय आहे काचेच्या मण्यांच्या शोभेच्या वस्तू. तत्त्वज्ञानाचा माणूस यावर काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात असेल. रास्त आहे. पण आपल्या दर्शनांनी शतकानुशतकं ज्या प्रश्नावर वाद घातला, तो या वस्तू अक्षरशः आपल्या हातात ठेवतात. प्रश्न असा: सुट्या भागांची मिळून एक वस्तू होते, तेव्हा नवीन असं नेमकं काय निर्माण होतं?

आधी वस्तू समजून घेऊ. रुखवतात मांडलेला मण्यांचा गणपती, दाराचं तोरण, ताटाभोवतीची महिरप, मण्यांनी मढवलेला नारळ, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. सामान फारसं लागत नाही. मणी, तंगूस, आणि मण्याचं भोक लहान असेल तर बारीक सुई. बारीक मणी बहुधा असा होतो: वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून लांब करायची, तिचे तुकडे करायचे, आणि ते पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला ही विद्या सुमारे २००० वर्षांपूर्वी होती. आंध्रातल्या पापनायडूपेट गावात ती विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. सौराष्ट्रातल्या मोती भरतकामासाठी मात्र एकोणिसाव्या शतकात थेट व्हेनिसजवळच्या मुरानोचे मणी येत. म्हणजे मणी दूरदेशीचा, रचना घरची.

आता रचनेकडे येतो. घरी करून पाहता येईल असा एक चेंडू सांगतो. एकूण ३० मणी घ्या, सगळे एका मापाचे. तंगुसात पाच मणी ओवा आणि दोन्ही टोकं शेवटच्या मण्यातून उलटसुलट काढून ओढा. पाच मण्यांचं एक फूल झालं. आता याच फुलाच्या प्रत्येक मण्यावर शेजारचं फूल विणायचं. पहिल्या शेजाऱ्याला चार नवे मणी लागतात, कारण एक मणी आधीचाच आहे. पुढच्या तिघांना तीन-तीन, आणि वर्तुळ पुरं करणाऱ्याला दोनच. इथवर सहा फुलं झाली, मणी लागले २०, आणि काम आपोआप वाटीसारखं खोलगट झालेलं असतं. त्यावर आणखी पाच फुलं येतात. पहिल्याला तीन मणी, पुढच्या तिघांना दोन-दोन, शेवटच्याला एक. ३० मणी संपले. फुलं किती झाली? अकरा. आणि चेंडूला लागतात बारा!

मग बारावं फूल कुठून आणायचं? कुठूनच नाही. त्याचे पाचही मणी आधीच जागेवर बसलेले असतात. दोरा फक्त त्यांच्यातून फिरवून ओढायचा, की चेंडू बंद. हिशेब सोपा आहे. प्रत्येक मणी दोन फुलांचा असतो. बारा पंचे साठ, त्याचे निम्मे तीस. पाचाच्या जागी सहा मण्यांची फुलं विणलीत तर काम चटईसारखं सपाट राहील. सपाट जागेत सहा बाजूंच्या तीन आकृत्या एका कोपऱ्यावर नेमक्या बसतात. पाच बाजूंच्या बसत नाहीत, थोडी फट राहते. ती फट दोऱ्याने ओढून घेतली, की काम वर उचललं जातं. गणपतीचं पोट गोल का होतं, याचं उत्तर एवढंच आहे.

मग सांगा, हा गोलपणा कुठे आहे? एकाही मण्यात नाही. तंगुसातही नाही. नैयायिक म्हणतील, अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ इथे निर्माण झाला. बौद्ध म्हणतील, वेगळं काही नाही, सुट्या भागांच्या मांडणीला आपण दिलेलं ते नाव आहे. नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारलं होतं.

न्यायसूत्रांत एक युक्तिवाद आहे. वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. म्हणून अवयवी मानायला हवा. गंमत अशी, की भाष्यकार वात्स्यायनालाच हा पुरावा पुरेसा वाटला नाही. लाखेने चिकटवलेलं गवत आणि लाकूडही एकत्र उचललं जातंच की! आज हा फरक बाजारात दिसतो. डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवलेले मणीही एकत्र उचलले जातात. पण तिथे एक मणी गळाला तर दुसऱ्याचं काही बिघडत नाही. विणलेल्या चेंडूत प्रत्येक मणी शेजाऱ्याच्या आधाराने उभा असतो.

यावर एक आक्षेप येतो. ही तर हस्तकला, ठरलेल्या नमुन्याची नक्कल, यात कला कुठली? इंग्रज तत्त्वज्ञ कॉलिंगवूडने १९३८ साली कला आणि कारागिरी यांत असाच भेद केला. कारागिराला आपण काय बनवणार हे आधीच पुरतं ठाऊक असतं, असं तो म्हणतो. पण नमुना आकाशातून पडत नाही. सहाच्या जागी पाच घेऊन पाहणारं कोणीतरी पहिलं होतं. आपल्या घरांत ती बहुधा बाईच असणार. तिला भूमितीचा एकही सिद्धान्त ठाऊक नसेल, तरी काय घडतंय हे तिच्या बोटांनी ओळखलं. याला मी ज्ञान म्हणतो. आपण मात्र त्याला ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणत आलो.

आणि याची किंमत मोजावी लागते. तेर, पैठण, नेवासे इथल्या उत्खननांत काचेचे मणी मिळाले आहेत. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांसारख्या आपल्याकडच्या पुरातत्त्वज्ञाने भारतीय काचेचा इतिहास लिहिला, त्यात मण्यांना मोठी जागा आहे. काच मातीतही टिकते. दोरा कुजतो. मग हातात येतात ते सुटे मणी. ते कोणत्या क्रमाने ओवले होते, त्यांचं काय केलं होतं, हे मणी सांगू शकत नाहीत.

आपल्या घरातही हेच चाललेलं आहे. शोकेसमधल्या गणपतीचा तंगूस कधीतरी तुटतो, मणी डब्यात जातात, आणि विणणारीबरोबर हिशेबही जातो. रुखवतातल्या वस्तूवर करणारीचं नाव नसतं, आणि नमुना बहुधा कुठे लिहिलेला नसतो.

म्हणून एक विनंती करतो. घरात आई, आत्या, मावशी, कोणी हे काम करणारी असेल, तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. पहिल्या फुलाला किती मणी, पुढच्याला किती नवे, रंग कुठे बदलायचा, हे ती सांगेल तसं उतरवून घ्या. वर तिचं नाव लिहा, तारीख घाला. तीस मण्यांच्या चेंडूला पाच ओळी पुरतात, गणपतीला चार पानं लागतील. अवयवी खरा की नुसतं नाव, हा वाद पंडित पुढेही घालत राहतील. पण वहीत हिशेब उतरलेला असेल, तर डब्यातल्या मण्यांचा गणपती पुन्हा उभा राहू शकतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.