फोर्कलिफ्ट का कलंडते?

मोठ्या गोदामात किंवा बंदरावर तुम्ही फोर्कलिफ्ट पाहिली असेल. पुढे दोन लोखंडी काटे, त्यांवर मालाचे पॅलेट आणि मागे चालक. जिथे रॅक उंच आणि गल्ल्या अरुंद, तिथे बसून चालवायची लांब फोर्कलिफ्ट नीट वळत नाही. चालकाला उभे केले, की यंत्राची लांबी कमी होते. उभ्याने चालवायची, बॅटरीवरची फोर्कलिफ्ट जन्मली ती या सोयीसाठी.

आता एक कोडे. बसून चालवायची फोर्कलिफ्ट कलंडू लागली, तर चालकाला शिकवलेले असते की उडी मारायची नाही. पट्टा बांधलेला असू द्या, घट्ट धरून बसा आणि पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुका. उभ्याच्या, मागून चढायच्या फोर्कलिफ्टवर मात्र सूचना अशी, की पाऊल मागे टाकून सरळ बाहेर पडा. अपघात एकच, सूचना उलट्या!

आधी यंत्र कलंडते का, ते पाहू. फोर्कलिफ्ट ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. पुढच्या चाकांचा आस हा टेकू. त्याच्या पुढे माल, मागे यंत्राचे वजन. शिशाची जड बॅटरी हा त्या वजनाचाच भाग असतो. म्हणून मूळ बॅटरीऐवजी हलकी बसवली, तर तोलच बिघडतो.

समजा, एका फोर्कलिफ्टची क्षमता १५०० किलोग्रॅम आहे, मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या मुळापासून ५० सेंटिमीटरवर धरून. काट्यांचे मूळ आसापासून ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर एकूण अंतर ९० सेंटिमीटर आणि वजन गुणिले अंतर १,३५,०००. आता १६० सेंटिमीटर लांबीचे खोके काट्यांवर लांबीने घेतले, तर त्याचा गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर जाईल. अंतर झाले १२०. भागाकार करून पाहा: आता ११२५ किलोग्रॅमच पेलतील! यंत्राच्या पाटीवरचा आकडा वाचताना त्यापुढचे अंतरही वाचायला हवे, ते यासाठी.

बाजूला कलंडण्याचे गणित निराळे. पुढची दोन चाके आणि मागचा मध्यबिंदू जोडले, की एक त्रिकोण होतो. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा या त्रिकोणात आहे, तोवर उभे यंत्र सुरक्षित. माल उंच उचलला, की गुरुत्वमध्य वर जातो आणि थोडा उतारही पुरतो. म्हणून चालताना काटे जमिनीपासून जेमतेम १० ते १५ सेंटिमीटरच वर ठेवतात. वळणावर जडत्वाचा परिणाम वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर परिणाम चौपट. आणि एक गंमत: रिकामी फोर्कलिफ्ट वळणावर अधिक धोक्याची! माल नसला, की गुरुत्वमध्य मागे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो.

आता कोडे सोडवू. डावीकडे वेगाने वळणारे यंत्र उजवीकडे कलंडते. चालकाचे शरीरही जडत्वाने उजवीकडेच फेकले जाते. त्याने त्या बाजूला उडी मारली, तर डोक्यावरचे संरक्षक छप्पर त्याच्यावरच येते. बसलेल्याला दुसरा मार्ग नाही; त्याने आतच राहावे. उभ्या चालकाचे दार मात्र मागे असते, म्हणजे पडण्याच्या दिशेशी काटकोनात. एक पाऊल मागे, आणि तो छपराच्या वाटेतून बाहेर.

हेच उघडे दार एरवी घातक ठरते. यंत्र चालू असताना तोल सावरायला पाय बाहेर काढला, तर तो यंत्र आणि खांब यांत चिरडतो. टनावारी वजन पायाने थोपत नाही! मागे येताना रॅकची आडवी तुळई छातीच्या उंचीवर असली, तर यंत्र तिच्याखालून निघून जाते, माणूस अडकतो. म्हणून ज्या दिशेला जायचे, तिकडेच पाहायचे. पायाखालचे पेडल सोडले, की ब्रेक लागतो, अशी योजना असते. घाईसाठी कोणी ते पेडल बांधून ठेवले, तर पडलेल्या चालकावर यंत्र थांबणार कसे?