छिद्र हृदयाला, धास्ती फुप्फुसाची

"डॉक्टरसाहेब, छिद्र तर बुजवायचे आहे, मग भूल देणारे डॉक्टर एवढे का बिचकतात?" ढाणकीत काय किंवा उमरखेडात काय, हृदयाला छिद्र असलेल्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे.

फुप्फुसातील रक्ताचा दाब दंडावर मोजतो त्या रक्तदाबाच्या जेमतेम पाचवा हिस्सा असतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असले की डावीकडचे रक्त जोराने उजवीकडे घुसते. तो मारा सोसून फुप्फुसातील रक्तवाहिन्या जाड होत जातात. भुलीत प्राणवायू कमी पडला, कर्बवायू साचला किंवा मूल गारठले, तर त्या एकदम आवळतात. हृदयाची उजवी बाजू फुगते आणि रक्तदाब कोसळतो. भूलतज्ज्ञांना धास्ती असते ती याची.

शिरेतून औषध द्यावे, तर साऱ्या अंगाच्या वाहिन्या सैल पडून रक्तदाब आणखीच उतरतो. म्हणून ते श्वासावाटे देतात. श्वासयंत्राच्या नळीत नायट्रिक ऑक्साइड हा वायू दहा लाख भागांत साधारण 20 भाग एवढाच सोडतात. (भुलीतला 'हसवणारा वायू' तो नायट्रस ऑक्साइड, हा निराळा.) जिथे हवा पोचते तिथल्याच वाहिन्या तो उघडतो. रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला निकामी करते, त्यामुळे बाकी शरीराला धक्का लागत नाही. शरीरातील त्याच्या कार्याच्या शोधाबद्दल 1998 साली तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले.

मात्र पहारा कडक लागतो. प्राणवायूशी मिळून त्याचा विषारी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, तो सतत मोजावा लागतो. वायू एकदम बंद केला तर दाब उसळतो. शिवाय खर्च मोठा. त्यामुळे काही ठिकाणी मिलरिनोन किंवा नायट्रोग्लिसरीन नेब्युलायझरने त्याच नळीतून देतात.

पालकांनी एक ध्यानात घ्यावे. हा वायू आवळलेली वाहिनी उघडतो, कायमची जाड झालेली नव्हे. फार उशीर होऊन मूल निळे पडू लागले, तर पुष्कळदा छिद्र बुजवणेच धोक्याचे ठरते. तेव्हा दूध पिताना घाम येणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे ही लक्षणे दिसली तर 'मोठे झाल्यावर पाहू' म्हणू नका. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना मूल दाखवा. आणि ऑपरेशन हर्नियाचे असो की टॉन्सिलचे, छिद्राची गोष्ट व इकोचा कागद भूलतज्ज्ञापुढे आधीच ठेवा.