उपहासाचे लक्ष्य : ‘प्राइम टाइम’ वादाच्या निमित्ताने

एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पुण्या-मुंबईसह राज्यातील मल्टिप्लेक्सना सायंकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याचे जाहीर केले. खेळांच्या वेळेचा हा प्रश्न लगेचच उपहासाचा विषय झाला. तेथे यापुढे पॉपकॉर्नऐवजी दहीमिसळ व वडापावच मिळेल, अशा आशयाची टिप्पणी लेखिका शोभा डे यांनी ट्विटरवर केली. उपहासाचा रोख शासकीय सक्तीवर होता; तथापि त्यासाठी योजलेली प्रतिमा मराठी माणसाच्या रोजच्या खाण्यातली होती. परिणामी सक्तीवरील टीका अस्मितेवरील टीका म्हणून वाचली गेली. शिवसैनिकांनी तेच पदार्थ घेऊन त्यांच्या घरासमोर निदर्शने केली, म्हणजे लक्ष्यार्थाला वाच्यार्थाने उत्तर दिले. हेही एक प्रकारचे विडंबनच होय. विधिमंडळाची हक्कभंगाची नोटीस मात्र निराळी. तिच्यामागे सत्तेचे बळ होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल रोजी तिला स्थगिती दिली. तत्पूर्वीच वेळेची मर्यादा दुपारी १२ ते रात्री ९ अशी शिथिल झाली होती. उपहासाचे लक्ष्य चुकले की नाही, हा वाङ्मयीन विवेकाचा प्रश्न आहे. त्याचा निवाडा हक्कभंगाने होऊ शकत नाही.