मिसेस, सौ. आणि श्रीमती

शहापूर असो वा मुरबाड, बँकेत खाते उघडावयास गेलेल्या माणसाच्या हाती जो अर्ज येतो, त्यात नावाआधीच काही छोट्या चौकटी असतात : मिस्टर, मिसेस, मिस, मिझ. पुरुष क्षणात खूण करून मोकळा होतो. पती निवर्तलेली भगिनी मात्र थबकते. तेवढ्यात रांगेतील कोणीतरी सांगतो, ‘तुम्ही आता मिसेस नाही, श्रीमती.’ सल्ला सद्हेतूचा असला तरी चुकीचा आहे.

इंग्रजीतील मिस्टर हा शब्द ‘मास्टर’पासून आला. मिसेस, मिस आणि मिझ ही तिन्ही ‘मिस्ट्रेस’ म्हणजे धनीण या एकाच शब्दाची रूपे होत. अठराव्या शतकापर्यंत घर वा व्यवसाय सांभाळणाऱ्या अविवाहित स्त्रीलाही मिसेस म्हणत. पुढे ते विवाहितेचे संबोधन झाले. परंतु पती हयात आहे की नाही, याविषयी ते मौन बाळगते. त्यामुळे विधवा स्त्री मिसेसच राहते. विवाहाचा उल्लेखच नको असल्यास मिझ आहे. अमेरिकेतील एका वृत्तपत्राने 1901 साली ते सुचविले. रूढ मात्र झाले 1970 नंतर.

मराठीची रीत निराळी. ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती. पती जाताच हे अक्षर गळते. मग श्रीमती, जुन्या पत्रिकांत ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी. वास्तविक श्रीमती हे श्रीमान शब्दाचे स्त्रीलिंगी रूप. हिंदीत ते सुवासिनीलाही लावतात. आपल्याकडेच त्यावर वैधव्याची छाया पडली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याला वर्ष होण्यापूर्वीच, एप्रिल 2023 मध्ये, ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावे असा प्रस्ताव राज्याच्या मंत्र्यांकडून पुढे आला आणि त्यावर टीकेची झोड उठली.

हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतही आहे. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, म्हणून आपण आवर्जून ‘ख्रिस्तवासी’ लिहितो. मृतांच्या बाबतीत एवढी दक्षता घेणारे आपण लग्नपत्रिकेत वा मिस्साच्या यादीत एखाद्या भगिनीचे ‘सौ.’ खोडताना तिला विचारतो का?

धर्मगुरूंच्या बाबतीत अडचण कमी. ‘रेव्हरंड’ हे विशेषण आहे. पत्रावर ते फादर व संपूर्ण नावासह लिहावे, बोलताना नुसते ‘फादर’ पुरे. बिशपांना आपल्याकडे ‘मोस्ट रेव्हरंड’ लिहितात, इंग्लंडात ‘राइट रेव्हरंड’. ‘सिस्टर’ मात्र दोघींचे : व्रतस्थ भगिनीचे आणि सरकारी दवाखान्यातील परिचारिकेचेही.

आता बँकेच्या अर्जाविषयी. पती निवर्तलेल्या भगिनीने मिसेस किंवा मिझ, यांपैकी आपल्याला रुचेल त्यावर खूण करावी. संबोधन हा नावाचा भाग नव्हे. म्हणून नावाच्या रकान्यात ‘सौ.’ वा ‘श्रीमती’ लिहू नये. तेथे आधार कार्डावर आहे तसेच नाव लिहावे.