ताजिकातील ‘कंबूल’ योग : एका पारिभाषिक शब्दाचा अर्थबदल

ताजिक ग्रंथांच्या वाचकास प्रथम अडखळविते ती त्यांतील परिभाषा. नीलकंठ दैवज्ञाने ‘ताजिकनीलकंठी’ हा ग्रंथ शके १५०९ (इ. स. १५८७) मध्ये रचला. त्यात इत्थशाल, ईसराफ, नक्त, यमया, मणऊ, कंबूल, रद्द असे जे सोळा योग सांगितले आहेत, त्यांची नावे संस्कृत धातूंवरून लावू गेल्यास काहीच हाती लागत नाही. ती अरबी आहेत. मौज अशी की, मराठी वाचकास यांतील कित्येक शब्द दुसऱ्या वेषात नित्य परिचयाचे आहेत. ‘यमया’ म्हणजे आपला ‘जमा’, ‘नक्त’ म्हणजे ‘नक्कल’, ‘मणऊ’ म्हणजे ‘मना’. ‘रद्द’ तर जसाच्या तसा. आणि ‘कंबूल’ म्हणजे ‘कबूल’. प्रस्तुत लेखात या शेवटच्या शब्दाचाच विचार करावयाचा आहे. फलिताच्या खरेखोटेपणाशी येथे कर्तव्य नाही. एक कल्पना एका भाषेतून दुसरीत जाताना तिचे काय झाले, एवढाच प्रश्न आहे.

प्रारंभी दृष्टिविचारातील भेद ध्यानी घेतला पाहिजे. वराहमिहिराच्या परंपरेत दृष्टी ही पाहणाऱ्या ग्रहाची असते. सर्व ग्रह सप्तमस्थान पूर्ण दृष्टीने पाहतात. त्याखेरीज मंगळ चतुर्थ व अष्टम, गुरू पंचम व नवम, शनी तृतीय व दशम या स्थानांवर पूर्ण दृष्टी टाकतो. ही दृष्टी एकतर्फी असू शकते. मंगळाने आठव्या स्थानातील ग्रहास पाहिले, तरी तो ग्रह उलट मंगळास पाहीलच असे नाही. ग्रीक व त्यावरून आलेल्या अरबी पद्धतीत मात्र दृष्टी ही वर्तुळात काढलेल्या षट्कोन, चौरस अथवा त्रिकोण यांची बाजू होय. तेव्हा ती स्वभावतःच परस्पर असते. ताजिकाने हीच पद्धती घेतली : ३-११ व ५-९ या दृष्टी मित्रदृष्टी, १-७ व ४-१० या शत्रुदृष्टी, आणि २-१२ व ६-८ येथे दृष्टीच नाही.

यात गतीचा विचार मिळाला की ‘इत्थशाल’ (अरबी ‘इत्तिसाल’, म्हणजे जोडले जाणे) सिद्ध होतो. शीघ्रगती ग्रहाचे अंश मंदगती ग्रहाच्या अंशांहून कमी असून दोघांतील अंतर दीप्तांशांच्या आत असेल, तर शीघ्र ग्रह मंद ग्रहास आपले तेज देऊ लागतो. तो पुढे निघून गेला की ‘ईसराफ’, म्हणजे वियोग. दीप्तांश रवीचे १५, चंद्राचे १२, मंगळाचे ८, बुध व शुक्र यांचे प्रत्येकी ७ आणि गुरू व शनी यांचे प्रत्येकी ९. येथवर भाषांतर चोख आहे.

आता ‘कबूल’. अरबी ग्रंथांत याचा अर्थ स्वागत वा स्वीकार असा आहे. एखादा ग्रह दुसऱ्याशी जोडला जात असता तो त्या दुसऱ्याच्या स्वगृही वा उच्च राशीत असेल, तर घरधनी पाहुण्याचा स्वीकार करतो. समजा, चंद्र कुंभेत १० अंशांवर आणि शनी वृषभेत १४ अंशांवर आहे. दृष्टी ४-१० ची, म्हणजे वैराची, आणि शनी पापग्रह. तथापि कुंभ ही शनीची रास असल्यामुळे चंद्र त्याच्या दारी आलेला अतिथी ठरतो व वैराची धार बोथट होते. आपल्याकडील राश्यधिपतींचा परस्पर परिवर्तनयोग याच्या जवळचा आहे, पण परिवर्तनात देवघेव दोन्ही बाजूंनी लागते. ‘कबूल’ एका बाजूनेही होतो.

नीलकंठाचा कंबूल याहून वेगळा आहे. लग्नेश आणि कार्येश यांचा इत्थशाल असता चंद्रही त्यांपैकी एकाशी वा दोघांशी इत्थशाल करील, तर तो कंबूल. पुढे चंद्राची आणि त्या ग्रहाची अवस्था उत्तम, मध्यम, सम व अधम अशी चार प्रकारची धरून ‘उत्तमोत्तम’ आदी सोळा भेद केले आहेत. उत्तम म्हणजे स्वगृही किंवा उच्चीचा. वरील उदाहरणातील चंद्र कुंभेत आहे. ही त्याची स्वतःची रास नव्हे, की उच्चही नव्हे. म्हणून अरबी मताने जेथे स्वीकार पूर्ण, तेथे ताजिकमताने उत्तमोत्तम कंबूल होऊच शकत नाही. उलट चंद्र वृषभेत १० अंशांवर (उच्च) व शनी मकरेत १४ अंशांवर (स्वगृही) असून शनी लग्नेश असेल आणि त्याचा कार्येशाशी इत्थशाल असेल, तर ताजिकमताने कंबूल उत्तमोत्तम. परंतु वृषभेत शनीचा काहीच अधिकार नसल्याने अरबी ज्योतिषी येथे ‘कबूल’ म्हणणार नाही!

म्हणजे राशिबलाची सामग्री टिकली, पण ‘घर कोणाचे?’ हा प्रश्न गळाला. मूळ कल्पनेत जो संबंध होता, तो ज्याच्या त्याच्या बलात परिणत झाला. ‘गैरिकंबूल’ या नावातही हेच घडले. मूळ अर्थ केवळ ‘स्वीकाराचा अभाव’. ताजिकात मात्र तो स्वतंत्र योग बनला. त्यात इत्थशालहीन चंद्र पुढील राशीत जाऊन बलवान ग्रहाशी जोडला जातो.

ताजिक शाखा यवनांकडून आली हे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त नोंदले होते. मार्टिन गान्स्टेन व ओला विकान्दर यांनी २०११ साली हे सोळा योग नवव्या शतकातील सहल इब्न बिश्र याच्या ग्रंथाशी जोडून दाखविले. या बदलास सरसकट ‘चूक’ म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. स्वगृह व उच्च ही आपल्या परंपरेत ग्रहाच्या स्वतःच्या बलाची गणना आहे. परक्या शब्दाला याच ओळखीच्या खणात जागा मिळाली. शिवाय सोळा भेदांची मांडणी इतकी सुसंगत आहे की, तिच्यावर पुढे प्रश्नविचार व वर्षफल यांचा व्यवहार निर्वेध चालला.

भाषांतरकारास आणि संपादकास मात्र हा भेद डोळ्यांआड करून चालणार नाही. नीलकंठाच्या कंबुलाचे भाषांतर ‘स्वीकार’ असे केल्यास ग्रंथकाराच्या तोंडी त्याने न सांगितलेली गोष्ट घातल्यासारखे होते. आणि अरबी ‘कबुला’साठी ‘कंबूल’ योजल्यास तीच आपत्ती उलट दिशेने येते. नंदिग्रामच्या केशवाची ‘ताजिकपद्धती’ आणि ताजिकनीलकंठीवरील विश्वनाथाची टीका ही आपल्या प्रदेशाशी निगडित साधने या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत.