तीरकामठ्याला कोणते लाकूड?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील एका मुलाच्या हातात धनुष्य मोडले. ढलपी कपाळाला लागली. प्रभूच्या कृपेने डोळा बचावला. ते धनुष्य मीच वखारीतल्या सागाच्या एका सुबक पट्टीचे करून घेतले होते. चूक माझी होती. त्यानंतर गावातील एका पावरा आजोबांकडून व सुतारांकडून जे शिकलो, ते इतर वसतिगृहांच्याही उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

तुटलेली पट्टी पाहून आजोबा म्हणाले, “भाऊ, लाकडाच्या रेषा बघितल्या नाहीत का?” रेषा तिरप्या जाऊन कडेतून बाहेर पडल्या होत्या. तिथेच ती फाटली. म्हणून पहिला नियम हा, की रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ हव्यात, आणि गाठ नको.

धनुष्य ओढले की लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, चेपले जाते. दोन्ही सोसणारे लाकूड क्वचितच मिळते. म्हणून वेगवेगळ्या पट्ट्या चिकटवून थरांचे धनुष्य करतात.

पाठीला बांबू उत्तम. त्याचे चिवट धागे बाहेरच्या सालीजवळ दाट असतात, म्हणून साल लक्ष्याकडे ठेवावी व तासू नये. बांबू निदान तीन वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला असावा. कोवळ्याला लवकर भुंगा लागतो.

पोटाला दणकट लाकूड हवे, नाहीतर बांबूच त्याला चेपून टाकतो. अंजन फार कठीण, पण जड. जड टोकांमुळे बाण मंदावतो. आमच्याकडे धामण बरी पडते. कावडीचे दांडे व अवजारांच्या मुठी तिच्याच करत, कारण ती वाकून पुन्हा सरळ होते. मधल्या थरावर ताण कमी, तिथे हलके लाकूड चालते. सागाला तेल असल्याने डिंक नीट धरत नाही.

पट्ट्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. दर आठवड्याला वजन करावे. ते घटायचे थांबले की वाळल्या समजावे. चिकटवायला इपॉक्सी वापरावा. पांढरा सुतारी डिंक सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. नवे धनुष्य थोडे थोडे वाकवून दोन्ही बाजू सारख्या वळतात का ते पाहावे, आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नये.

होशेय संदेष्ट्याने देवाकडे न वळणाऱ्या लोकांना फसव्या धनुष्याची उपमा दिली आहे. ती मला आता नीट कळते. बाहेरून सुबक, पण ओढल्यावर दगा देणारे असे धनुष्य मी एका लेकराच्या हाती दिले होते.

स्पर्धेतील आधुनिक धनुष्याची किंमत लाखाच्या वर जाते. पण सुरुवात घरच्या धनुष्यावर होऊ शकते. राजस्थानातील आदिवासी तिरंदाज लिंबा राम बांबूच्या धनुष्यावर शिकले आणि 1988, 1992 व 1996 अशी तीन ऑलिंपिक खेळले. आमची मुलेही आता शिकारीसाठी नव्हे, तर पेंढ्याच्या लक्ष्यावर नेम धरतात.

धामणीसाठी जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. आपल्या घरी कावडीचा जुना, वाळलेला दांडा पडून असेल तर जरूर कळवा. आणि मुलांसाठी प्रार्थना करा.